'द डिसायपल' : नेमकं कुठे बिनसतं? (कथा फुटणार आहे, न बघितलेल्यांनी जपून)

गोरखकल्याण

३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला, तेव्हापासून या चित्रपटाबद्दल दोनच मतं कानावर येतात. एक, 'शब्द नाहीत'. दोन, 'झोप लागली'. मधलं कुणी भेटतच नाही. २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, तिथून पटकथेचं पारितोषिक आणि समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार घेऊन आला. त्यामुळे न आवडलेल्यांना आपण अडाणी ठरतोय असं वाटतं आणि आवडलेल्यांना उगाच चढतं. पुरस्कार बाजूला ठेवू.

कथा एवढीच: मुंबईतला शरद नेरूळकर ख्यालगायकी शिकतोय. गुरुजींची सेवा, घरी आजी, जुनी ध्वनिमुद्रणं विकणाऱ्याकडे नोकरी, आणि रात्री मोटरसायकलवर कानात गुरुजींच्या गुरू माई यांची टेपवरची व्याख्यानं. वर्षं जातात. मोठा गवई होत नाही.

'संथ आहे' हे सगळ्यांना मान्य आहे, ते परत नको. कुठल्या प्रसंगाशी बिनसलं आणि का, ते सांगा.

चहाबिस्कुट

दीडपट वेगाने बघितला, तरी संथ. गाडीवरून जातोय, जातोय, जातोय. बाई बोलतायत. आणि घरच्यांबरोबर लावू नका. लॅपटॉपचे प्रसंग आले की सगळे पंख्याकडे बघायला लागतात.

खर्ज

@चहाबिस्कुट, दीडपट वेगाची गंमत सांगतो. वेग वाढवताना स्वराची पट्टी तीच राहील याची काळजी सॉफ्टवेअर घेतं, त्यामुळे गाणं चिरकत नाही आणि काही बिघडलंय हे कळतच नाही. बिघडते ती लय. विलंबित (अगदी संथ) एकतालात १२ मात्रा. मात्रा ४ सेकंदांची धरली तर आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४८ सेकंदांचं. दीडपटीत तेच ३२ वर येतं. गवई स्वर लावून थांबतो, पुढचं वाक्य मनात जुळवतो, ती सगळी जागा गेली. उरतं ते भराभर उरकलेलं गाणं, आणि तुम्ही म्हणणार याला येत नाही.

माझ्या मते फाटा इथेच फुटतो. ४८ सेकंद समेची (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची) वाट बघायची सवय असलेल्या कानाला ४० सेकंद न हललेला कॅमेरा लांब वाटत नाही.

तिरपागडा

म्हणजे आता पिक्चर बघायला आधी एखाद्या गुरूचा गंडा बांधायचा का? कीर्तन ऐकायला टाळ वाजवता यायलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही.

आणि तुमचा हिशेब मुळातच लंगडा आहे. आवर्तनात सम कुठे आहे हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. गवई कितीही फिरला तरी तिथे येणार, म्हणून मजा. इथे शॉट चालू झाल्यावर सम कुठे आहे हे कोण सांगणार? ठेका नाही, मात्रा नाही, नुसतं बसायचं.

खर्ज

मुद्दा बिनतोड आहे, मानलं.

मुखडा

खर्ज, एक दुरुस्ती. एवढं विलंबित सगळी घराणी गात नाहीत. गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड जयपूर-अत्रौली परंपरेतले. त्या बाजूला बहुतेक तीनताल, १६ मात्रा, मात्रा दीड-दोन सेकंदांची. आवर्तन २४ ते ३२ सेकंद. चित्रपटातलं 'अलवर घराणं' काल्पनिक आहे, ते बरंच केलं. खऱ्या घराण्याचं नाव घेतलं असतं तर अर्धा महाराष्ट्र 'आमच्याकडे असं शिकवत नाहीत' म्हणून पत्रं लिहीत बसला असता.

कट_टू

तिरपागडांच्या प्रश्नाला उत्तर आहे. त्या शॉटना सम आहे, फक्त ती पुढच्या रांगेत नाही.

सुरुवातीची मैफिल घ्या. गुरुजी गातायत, मागे शरद तानपुऱ्यावर. नेहमीच्या चित्रपटात गवयाचा क्लोजअप, मग बोटं, मग डोलणारा श्रोता, असं चाललं असतं. इथे कॅमेरा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतो आणि सरकता सरकता कळतं की तो गवयाकडे चाललेलाच नाही. तानपुरा छेडणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर भक्ती आहे आणि तिच्या खाली 'हे मला कधी येणार' अशी भूक आहे. ती दिसली की शॉटचं काम झालं. गवयाकडेच बघत बसलात तर शॉट वाया गेला आणि चित्रपट संथ झाला. दिग्दर्शक बोट दाखवत नाही, हा त्याचा हट्ट. चैतन्य ताम्हाणेंनी आधीच्या 'कोर्ट' चित्रपटातही हेच केलं होतं.

शॉट खरंच किती लांब आहेत हे बघायचं तर सलग १० मिनिटांतले शॉट मोजा आणि ६०० ला त्या आकड्याने भागा. एका शॉटची सरासरी सेकंदांत निघेल. मारधाडीच्या चित्रपटात एक आकडी येते. इथे दोन आकडी येईल, पण लोक सांगतात तसे पाच-पाच मिनिटांचे शॉट नाहीत.

आता असे शॉट घेताना काय होतं ते. एरवी दोन माणसांच्या संवादाला कॅमेऱ्याचे निदान ३ सेटअप लागतात: मास्टर (दोघंही दिसतील असा), याच्या खांद्यावरून तो, त्याच्या खांद्यावरून हा. एक अडखळला की संकलक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि ओळ वेगळ्या टेकमधून उचलतो. एकच शॉट ठेवला की ही पळवाट बंद. मागे बसलेल्या एकाने लेन्सकडे बघितलं की अख्खा टेक परत. गाण्याच्या प्रसंगात तर आणखी पंचाईत: गवई दोन टेकना तीच तान तशीच घेत नाही, त्यामुळे मधे कापलंत तर तोंड, हात आणि तबला तिघं तीन दिशांना. म्हणून गाणाऱ्यांच्या भूमिका गाणाऱ्यांनाच द्याव्या लागतात. शरद झालेले आदित्य मोडक शिकलेले गवई आहेत. नट घेऊन मागून आवाज लावला असता तर इतक्या लांबच्या शॉटमध्ये गळ्याची शीर आणि श्वास चुगली करतात.

विरोधी पक्षाला एक गोष्ट देऊन टाकतो. ही पद्धत मोबाइलवर मरते. चेहरा फ्रेमच्या उंचीच्या आठव्या भागाएवढा असेल तर ५५ इंची टीव्हीवर (उंची साधारण ६८ सें.मी.) तो साडेआठ सें.मी. दिसतो. आडव्या धरलेल्या फोनवर उंचीच ७ सें.मी., म्हणजे चेहरा ९ मि.मी. वरखाली काळ्या पट्ट्या आल्या की आणखी कमी. ९ मि.मी.च्या चेहऱ्यावर कुठली भूक दिसणार?

ठोंब्या

टीव्हीवरसुद्धा सगळं सिरीयलसारखं गुळगुळीत दिसतंय. आणि बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की गाण्याच्या वेळी शेजारी भिंत ठोकतात. काय करायचं?

कट_टू

दोन वेगळे रोग आहेत.

गुळगुळीतपणा: चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करून घालतो. सेटिंगमध्ये पिक्चर, त्यात 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो', 'ऑटो मोशन प्लस' असं काहीतरी असेल (कंपनीगणिक नाव बदलतं), ते बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, बाकीचं आपोआप होतं. या चित्रपटात हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण मोटरसायकलचे प्रसंग संथगतीत आहेत. टीव्हीने त्यात फ्रेम कोंबल्या की दिव्यांच्या रेघा फाटतात आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. खोलीतले दिवेही घालवा. रात्रीच्या प्रसंगांत पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आलं की फक्त तेच दिसतं.

आवाज: नेटफ्लिक्सच्या ऑडिओ यादीत ५.१ (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) निवडलेलं असेल आणि तुमच्याकडे टीव्हीचेच दोन स्पीकर असतील तर मधल्या चॅनलवरचं बोलणं बसकं येऊ शकतं. यादीत साधं स्टिरिओ दिसत असेल तर ते घ्या. 'नाइट मोड' लावू नका. तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो, म्हणजे शेजारी खूश, गाण्याचा चढउतार मात्र सपाट.

खर्ज

यात भर. तानपुरा टीव्हीच्या स्पीकरवर निम्माच ऐकू येतो. पुरुषाची पट्टी काळी एक (पेटीवरची पहिली काळी) धरा. जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झ, पंचमाची तार १०४ आणि खर्जाची ६९. पातळ टीव्हीचे बरेचसे स्पीकर १५० च्या खाली ढेपाळतात. जव्हारीतून (तारा जिथे टेकतात त्या घोडीवरून) निघणारे वरचे स्वर ऐकू येतात, म्हणून तानपुरा 'आहे' असं वाटतं, पण बूड नसतं. गाडीवरच्या प्रसंगांत माईंच्या आवाजाखाली तो घुमत असतो. बूड गेलं की उरतं बाईंचं व्याख्यान. कान झाकणारे हेडफोन लावून तेवढा एक प्रसंग परत लावा, चहाबिस्कुट.

चहाबिस्कुट

हेडफोन लावून बोअर व्हायचं म्हणता. बरं.

पण माझी खरी तक्रार राहिलीच. हा माणूस चांगला गातो की वाईट? चित्रपटभर कळलं नाही. स्पर्धेत हरला तेव्हा वाटलं परीक्षक वाईट. मग वाटलं हाच वाईट. मग वाटलं आपल्यालाच कळत नाही.

मुखडा

हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर न देणं हाच चित्रपटाचा डाव आहे. खेळाच्या चित्रपटात गुणांची पाटी असते, कोण जिंकलं ते दिसतं. इथे पाटी काढून घेतली आहे.

कानाने सांगायचं तर असं. शरदचा सूर लागतो, ताल सुटत नाही, रागाला धक्का लागत नाही. परीक्षेला बसवला तर पहिल्या वर्गात पास. कमी पडते ती बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं. चांगला गवई षड्ज लावतो, मग रिषभाकडे नुसतं बघून परत येतो, असं दोन-तीनदा केल्यावर रिषभावर थांबतो, तेव्हा तो रिषभ ऐकणाऱ्याला हवासा झालेला असतो. शरदकडे तो वेळेवर येतो, हवासा होऊन येत नाही. पाठ केलेली वाक्यं एकापुढे एक. तान घेताना 'आता तान घ्यायची' हे आधी चेहऱ्यावर दिसतं आणि मग गळ्यातून येतं. चूक काढून दाखवता येत नाही, म्हणून त्याला स्वतःलाही सुधारता येत नाही. रियाज वाढवून तयारी वाढते. हे मात्र वाढेलच असं नाही, आणि शरदला ते कुणी तोंडावर सांगत नाही.

न ऐकणाऱ्याला हा फरक कळणं कठीण आहे. त्यामुळे एकाच पडद्यावर दोन चित्रपट चालतात. जाणकाराला पहिल्या अर्ध्या तासात निकाल कळतो आणि पुढे तो शरदला कधी कळणार याची वाट बघतो. दुसऱ्याला 'गुणी मुलावर अन्याय' अशी ओळखीची गोष्ट दिसते, आणि तिचा मोबदला कधीच मिळत नाही. तो चिडणार नाही तर काय?

तिरपागडा

आता कशी बरोबर बोललात. पण मग हा चित्रपटाचा दोष का नाही? ज्या गोष्टीवर सगळं उभं आहे ती नव्वद टक्के लोकांना ऐकूच येत नसेल तर?

दुसरं म्हणजे आनंद कुठे आहे? गाणाऱ्या माणसांच्या घरात हसणं-खिदळणं असतं, गाण्यात एखादी सुंदर जागा सापडली की भर दुपारी एकमेकांना फोन जातात, दौऱ्यावर खाण्यावरून भांडणं होतात. इथे सगळे जण पोट बिघडल्यासारखे. संगीत म्हणजे दुःख, उपास आणि बद्धकोष्ठ.

मुखडा

आनंदाच्या बाबतीत निम्मं पटतं. शिकवणीच्या प्रसंगांत गुरुजी एखादी जागा गाऊन दाखवतात तेव्हा खोलीतली हवा बदलते, पण ते फार त्रोटक आहे. आणखी दोन-तीन मिनिटं तिथे दिली असती तर शरद कशाच्या मागे लागलाय ते बाहेरच्यालाही जाणवलं असतं.

मात्र उपास-एकांताचा सोस संगीताचा नाही, माईंच्या टेपचा आहे. माईंना आपण एकदाही गाताना बघत नाही, नुसतं बोलताना ऐकतो. (आवाज सुमित्रा भावे यांचा. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या, चित्रपट नेटफ्लिक्सवर यायच्या ११ दिवस आधी.) समोर गाणाऱ्या गुरुजींपेक्षा टेपवर बोलणाऱ्या माई शरदला जास्त खऱ्या वाटतात. बिघाड तिथे आहे.

ठोंब्या

माई म्हणजे अन्नपूर्णादेवी ना?

मुखडा

तुलना होते खरी. अन्नपूर्णादेवींनी मैफिली सोडल्या, बाजारात ध्वनिमुद्रणं येऊ दिली नाहीत, २०१८ मध्ये जाईपर्यंत मुंबईत घरातच शिकवलं. पण त्या मैहर घराण्याच्या, सूरबहार (सतारीसारखं मोठं वाद्य) वाजवणाऱ्या, आणि निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया हे त्यांच्याकडे शिकलेले लोक जगभर वाजवत फिरले. लोकांपुढे जाण्यात पाप आहे असा धडा त्या घरातून निघत नाही. शरद टेपमधून जे उचलतो ते त्याच्या सोयीचं आहे: श्रोते नाहीत म्हणजे आपण शुद्ध. रेस्तराँमध्ये तो जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्राहक माई आणि गुरुजी दोघांच्या मखराला हात घालतो तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो ते यामुळेच.

फीतवाला

संग्राहकाचा विषय निघालाच आहे तर. अशा लोकांची जात या चित्रपटाने अचूक पकडली आहे. दुर्मीळ मुद्रण कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तो कुणाला देत नाही हेही माहीत असतं, आणि बदल्यात त्याच्याकडे नसलेलं काही नेलंत तरच कपाट उघडतं.

शरदच्या नोकरीकडे लोक 'पोटापाण्याचं काम' म्हणून बघतात. माझं म्हणणं, त्याचा खरा कान तिथेच आहे. फितीवरून मुद्रण उतरवताना पहिला प्रश्न वेगाचा असतो. कॅसेटचा प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सें.मी. त्यात ६ टक्के फरक पडला की स्वर अर्ध्या पट्टीने हलतो, काळी एक गाणारा पांढरी दोनमध्ये गातोय असं ऐकू येतं. मैफिलीत बॅटरीवरचा रेकॉर्डर असेल आणि सेल उतरत गेले असतील तर आणखी घोळ: मुद्रण होताना फीत हळू फिरली, म्हणजे वाजवताना गवई तासाभरात हळूहळू चढत जातो. ओळखायचं कसं? मागे विजेची घरघर असेल तर ती आपल्याकडे ५० हर्ट्झ असायला हवी. ५३ दिसली की फीत ६ टक्के जोरात पळते आहे. तेवढी आवरायची. नुसत्या कानाने पट्टी ठरवायला गेलात की आपल्या आठवणीतला गवई तयार होतो.

शरद हेच करत असतो. कुणीतरी एकदा गायलेलं जसंच्या तसं जपायचं. गातानाही तो उतरवूनच घेत असतो. म्हणून शेवटी तो दुर्मीळ मुद्रणांचा स्वतःचा उद्योग काढतो त्याला मी हार मानत नाही. आपल्या धंद्यावर आला एवढंच.

गोरखकल्याण

हे वाचन आवडलं. पण मग मंचावरचा तो प्रसंग? गाता गाता थांबतो, उठून चालू लागतो. धंद्यावर येणं इतकं शांत नव्हतं.

कट_टू

त्या प्रसंगात बघण्यासारखं म्हणजे, कॅमेरा धावत नाही. रडकं पार्श्वसंगीत नाही. साथीदार क्षणभर गोंधळतात, आणि साथीदारांचा गोंधळ हाच प्रसंगाचा सगळ्यात क्रूर भाग आहे. चेहऱ्याचा मोठा क्लोजअप घेतला असता तर प्रेक्षकाला रडायची परवानगी मिळाली असती. ती दिली नाही, म्हणून काही जण म्हणतात 'भावना पोचल्या नाहीत'.

खरी चूक वेगळीकडे आहे. वर्षं उलटल्याचं सांगायला मिशी, सुटलेलं पोट, बदललेले फोन आणि यूट्यूबवरच्या प्रतिक्रिया एवढंच हाताशी ठेवलंय. मधे वडिलांच्या आठवणी येतात, त्यांनाही काही खूण नाही. पहिल्यांदा बघणारा दोन उड्यांमध्ये हमखास चुकतो, आणि चुकला की ५-१० मिनिटं 'हा कोण' यातच जातात. इतक्या मोकळ्या चित्रपटात ही १० मिनिटं महाग पडतात.

वाशी_लोकल

कुणी शेवटाबद्दल बोलतच नाहीये. बायको-मुलीबरोबर लोकलमध्ये, आणि एक जण वाद्य छेडत गात येतो. ना घराणं, ना तालीम, ना माई. लोकांचं म्हणणं हा शरदला टोमणा: बघ, गाणं असं असतं. मला ते फार सोपं वाटतं. डब्यात त्याच्याकडे तरी कोण लक्ष देतंय? मोबाइलमधली मान कुणी वर काढत नाही. शरदचे श्रोते आणि याचे श्रोते सारखेच. फरक एवढा की याला थांबता येत नाही, पुढचा डबा गाठायचाय.

तिरपागडा

हेच दोन तास आधी दाखवलं असतं तर शॉर्टफिल्ममध्ये भागलं असतं.

खोड्या पुरे. माझं मत बदललेलं नाही. मुखडांनी लिहिलेला रिषभाचा परिच्छेद चित्रपटात कुणाच्या तरी तोंडी हवा होता. एक वाक्य चाललं असतं. एवढं लपवून ठेवायचं आणि मग प्रेक्षकाचा कान तयार नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

मुखडा

तोंडी घातलं असतं तर शरदलाही ऐकू गेलं असतं ना हो. मग पुढचा चित्रपट कशाचा?

ठोंब्या

ट्रूमोशन बंद केलं, फरक आहे. @फीतवाला, अवांतर: घरी जुन्या नाट्यसंगीताच्या ४०-५० कॅसेट आहेत. थेट वाजवून बघू का?

फीतवाला

थेट नको. आधी कवच उघडून फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का बघा, जुन्या कॅसेटमध्ये ती गळून पडते आणि आवाज दबका येतो. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट वेगळी काढा, नाहीतर डेकमधून सगळ्यांना लागेल. डेकचं हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. सी-१२० (१२० मिनिटांची) असेल तर फार जपून, तिची फीत पातळ असते आणि रोलरला गुंडाळते. हेडच्या बाजूचा स्क्रू माहीत असल्याशिवाय फिरवू नका.

गोरखकल्याण

कॅसेटसाठी वेगळा धागा काढा की राव, इथे पुढच्या माणसाला सापडणार नाही. आणि शरदच्या वडिलांबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही, त्यावर कुणी बोलेल का?